कावळ्यासमोर दिलेला शब्द

५ फेब्रुवारी १९६२, हुबळी

आज आज्जीचा दहावा. पुरुषमंडळी उणकलच्या तळ्यावरून दुपार टळल्यावर परतली — पिंडाला कावळा शिवतच नव्हता म्हणे! शेजारच्या दुकानाचे विठ्ठलकाका पाय धुता धुताच सांगत सुटले. तुळशीला रोज पाणी घालू म्हणून झालं, अनसूयाआत्याला दरवर्षी माहेराला आणू म्हणून झालं, कावळे आपले फांदीवरच. शेवटी अण्णा पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "कमलला सांगणार नाही." लगेच शिवला!

एवढं बोलून गेले आणि काकांनी जीभ चावली. मी मागच्या दारात उभी होते.

मला काय सांगणार नाही? आज्जीनं माझ्यापासून कधी काही लपवलं नव्हतं.

६ फेब्रुवारी

अण्णांना विचारलं. किती वर्षांनी मी आपण होऊन बोलले बापाशी! एरवी "वाढू?" आणि "पुरे?" — एवढंच. छप्पन साली पुण्याच्या मामांनी मला नर्सिंगला जागा मिळवून दिली होती. अण्णा नाही म्हणाले. म्हणे आपण आता म्हैसूर राज्यात चाललो, पुणं म्हणजे परमुलूख! त्या दिवसापासून आमचं बोलणं संपलं. नंतर आलेली दोन स्थळंसुद्धा मी त्यांच्यावरच्या रागानंच परतवली.

आज म्हणाले, "शब्द दिलाय, कमल." आणि उठून परसात गेले.

७ फेब्रुवारी

डोळ्याला डोळा नाही. सारखी आज्जी दिसते.

आई गेली तेव्हा मी रांगत होते. आज्जीनंच मोठं केलं. एरंडेल चोपून वेणी घालायची, जरा हलले की "हुच्ची!" — वेडी कुठली — म्हणून डोक्यात टपली. खण घेऊन विणकर आला की त्याच्याशी कानडीत अशी भांडायची की तोच दमून भाव उतरवायचा — आणि निघताना त्याला ताक पाजल्याशिवाय सोडायची नाही. मला ताप आला की रात्रभर उशाशी. मला आई आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर आईची आठवण काढायची वेळही आज्जीनं येऊ दिली नाही.

माझं पुण्याला जाणं बुडालं त्या दिवशी मी जेवले नाही. ती ताट घेऊन समोर बसून राहिली. भाकरी, शेंगाची चटणी, दही. घास भरवता भरवता स्वतःच रडायला लागली. "तुझा बाप दगड आहे ग. माझं काय चालतंय या घरात?"

या घरात माझं असं तेवढं एकच माणूस होतं.

८ फेब्रुवारी

तेरावा झाला. आत्या उद्या अळणावरला परत जाणार, म्हणून भांडी आवरताना तिला धरलंच. आधी नाही नाही म्हणाली, मग पदरानं डोळे पुसत सगळं बोलली.

अण्णांनी पुण्याला हो म्हटलं होतं! माझ्यासाठी ट्रंक बघून आले होते. आज्जीच आडवी पडली. अन्न सोडलं. "पोर गेली तर मी या घरात भिंतींशी बोलू काय?"

आज्जी! मग तू रडत होतीस ती कुणासाठी? माझ्या डोळ्यांत बघून, माझ्या तोंडात घास घालून, बापाला दगड म्हणालीस! आणि मी इतकी वर्षं त्या माणसाशी धड बोलले नाही. तुला ते रोज दिसत होतं. एकदाही तोंड उघडलं नाहीस. शेवटच्या आजारात मी तुझे पाय चेपत होते, तेव्हाही नाही.

तुझं लुगडं उशाला घेऊन निजत होते. आज काढून फेकलं.

९ फेब्रुवारी

फोटोला फूल घातलं नाही. आत्या गाडीला जाताना म्हणाली, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मग कुणावर धरू?

११ फेब्रुवारी

दुपारी अण्णांना ताट वाढलं आणि समोर उभीच राहिले. म्हटलं, आत्यानं सगळं सांगितलंय. तुम्ही सगळं अंगावर का घेतलंत?

मान वर केली नाही. म्हणाले, "मीच तिला म्हटलं, माझं नाव सांग. माझ्यावर रुसलीस तर चालत होतं. आज्जीवर रुसली असतीस, तर जेवली असतीस कुणाच्या हातचं?"

म्हणजे दोघांनी मिळून फसवलं मला!

खूप रडले. मग माझं ताट त्यांच्या शेजारी मांडलं.