न पिणाऱ्याचा अंगठा

ती. दादास,
दिल्लीच्या मयूर विहारहून अक्षताचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. थकवा तेवढा जात नाही. गाऊटच्या, म्हणजे युरिक अॅसिड साचून सांधे सुजण्याच्या आजाराच्या, आमच्या अभ्यासासाठी दिवसाला वीस-बावीस पायांची सोनोग्राफी करते; संध्याकाळी मान वळत नाही. वहिनीची कंबर कशी आहे?

काल नोएडाचे एक शिक्षक आले होते. अंगठा टरटरून सुजलेला. पडद्यावर सुजलेल्या सांध्याभोवतीचा वाढलेला रक्तप्रवाह लाल चमकत होता, आत युरिक अॅसिडचा पांढरा थर. बायकोनं माझ्यासमोरच विचारलं, "अब तो सच बोलो, पीते हो ना?"

मी म्हटलं, "बिना पिए भी होता है जी. खानदान में भी चलता है."

त्या माणसानं डोळे पुसले.

दादा, तुझाही अंगठा असाच सुजला आणि बाबांनी तुला चारचौघांत दारुडा म्हटलं, तेव्हा तू पीत नसल्याच्या शपथा घेत होतास. मी डॉक्टरकी शिकत होते, तरी तोंड फिरवून उभी राहिले. सहा वर्षं झाली, तू त्या घरी गेला नाहीस. माझं चुकलं.

आज सकाळी बाबांना फोन करून हे सगळं सांगितलं. तेव्हा ते हळूच म्हणाले, "माझाही अंगठा वर्षभर सुजतोय गं. लोक काय म्हणतील म्हणून दाखवला नाही."

त्यांनी कधी थेंबही घेतला नाही, हे तुला ठाऊक आहे. त्यांना दवाखान्यात न्यायला तिथं कुणी नाही. तू जाशील का? नाही गेलास, तरी मी रागावणार नाही.

तुझी,
अक्षता