वरच्या दोन खोल्या आणि हमजाचा फोन

बिस्मिल्लाह. मी खातूनबी, मरहूम दस्तगीर यांची बायको, वय अडुसष्ट, मॅट्रिक पास, राहणार लातूर. शुगर सोडली तर तब्येत बरी, डोकं ठिकाणावर. ही वसियत, म्हणजे मृत्युपत्र, कुणी बसवून लिहून घेतलेली नाही. बसवायला आले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

१. भूकंपानंतर बांधलेलं घर माझ्या नावावर आहे. त्यातले तीनपैकी दोन हिस्से शरियतप्रमाणे मुलगा जिलानी आणि मुलगी शबाना यांचे. "मला नको" असा शबानाच्या सहीचा कागद कुणी दाखवला, तर तो खोटा समजावा.

२. तिसरा हिस्सा, म्हणजे वरच्या दोन खोल्या, जिलानीची मुलगी उमैमा हिला. वारसाला वसियत चालत नाही, नातीला चालते. मौलवींना विचारलं, मग दुसऱ्या मौलवींनाही विचारलं.

कारण लिहिते. या खोल्या जिलानी क्लासच्या पोरांना भाड्यानं देतो. दारावर 'शांती निवास' पाटी त्यानंच लावली. पाटीवरच्या नंबरवर खोलीसाठी दोन फोन आले, एक हमजा नावानं, एक रामलिंग नावानं. हमजाला म्हणाला, "खोल्या भरल्या." रामलिंगला म्हणाला, "आजच या." नंतर विद्यापीठातली पुनम घरी आली. "मावशी, फोन आमचेच होते. नाव ऐकून लोक खोली देतात का, ते तपासून राहिलो."

जिलानीला विचारलं. "अम्मी, एक मुसलमान पोरगा ठेवला तर बाकीचे खाली करून जातील!"

पुनमच्या यादीत आमचं घर हिंदू घरमालकांत.
"कशावरून गं?"
"पाटीवरून."
"दार वाजवून विचारायचं होतंस, बाई. आता आमच्या लेकाचं पाप शेजाऱ्याच्या नावावर चढलं ना!"

३. उमैमानं खोली देताना जेवण, अभ्यास, दार बंद व्हायची वेळ आधी बोलावी. नाव शेवटी विचारावं. डिपॉझिट सगळ्यांना सारखं. पुनम यादी दुरुस्त करते म्हणाली. पोरगी वाईट नाही, पण दुरुस्तीचा कागद हातात येईपर्यंत खरं मानू नये.

४. शिलाई मशीन शेजारीण केवळाबाईला. मागून नेते, परत आणत नाही. एकदाची तिचीच होऊ द्या. वसियत एकूण मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतीच चालते, म्हणून हीसुद्धा त्यातच धरावी.

५. खोल्यांच्या किल्ल्या आजच उमैमाकडे दिल्या. जिलानी म्हणाला, "अम्मी, माझ्यावर भरोसा न्हाई का?"
म्हटलं, "तू काय करशील याचा पुरता भरोसा हाय. म्हणूनच लिहून ठेवलं."

वाचून, समजून सही केली: खातूनबी

समक्ष सह्या:
किशनराव, शेजारी
शेषेराव, किराणा दुकानदार (चष्मा आणायला घरी पाठवलं, मगच सही घेतली)

लातूर, १४ जुलै २०१४