दुसऱ्या गिटारची तार

बाबा, तुमच्या कॅसेटवर माझा आवाज निघाला. सदरमधल्या एका स्टुडिओत, एसीत कुडकुडत, कानाला हेडफोन लावून मी ऐकलं. चपला फटफट वाजवत एक पोरगी येते आणि ओरडते, "बाबा, सातवी पास झाली मी!" आणि तुम्ही दबक्या आवाजात म्हणता, "श्श! काका वाजवून राहिले ना."

काका तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, या पोरीला सरळ काही सांगताच येत नाही. स्टुडिओवाली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची आहे. गायक नसलेल्या जुन्या गिटार बँडांच्या टेपा ती शोधते, साफ करते आणि त्यांच्या नव्या रेकॉर्डी काढते. तुमच्या चौघांच्या कॅसेटी तिला रविवारच्या जुन्या बाजारात भंगारात मिळाल्या, आणि त्यांत तुमच्या शेवटच्या कॅसेटची न कापलेली मूळ टेपही. म्हणे, कॉलेजातली पोरं आता तुमच्या चाली बसवतात. मला आधी हसूच आलं. जयंतीच्या स्टेजवर तुम्ही चौघं नुसती वाद्यं घेऊन उभे राहिलात की मागून कोणीतरी ओरडायचं, "अबे, गाणारा कुठं गेला?" आणि तुम्ही माईकवर वाकून म्हणायचात, "गिटारले तोंड हाये ना गा, कान द्या फक्त!" त्याच चालींसाठी ही मुलगी पत्ता काढत कोराडीला माझ्या दारी आली. तिला एवढंच हवं होतं, की कुठली गिटार कोणी वाजवली. कव्हरवर नावं छापायची होती. आणि तिथेच माझं घोडं अडलं.

तुम्ही ऱ्हिदमचा ठेका धरायचात, काका लीडवर चाल वाजवायचे. दोघं पॉवर स्टेशनात एकाच पाळीत, राहायला एकाच लाइनीत. आपल्या क्वार्टरच्या मागे ट्रान्सफॉर्मर होता आणि त्याचं घुमणं स्वयंपाकघराच्या भिंतीतून सगळ्यात चांगलं यायचं, म्हणून तालीमही तिथे आणि रेकॉर्डिंगही तिथेच. लोक पेटीवर सूर लावतात, तुम्ही त्या घुमण्याला तार लावायचात. विजेचा लोड वाढला की घुमणं जरासं खाली उतरायचं. तुम्ही मान वर करून म्हणायचात, "लोड आला," आणि दोघंही खुंट्या फिरवून तारा सैल करायचात. आई बिचारी स्टोव्ह घेऊन ओसरीत. "सैपाक बाहेर अन् बाजा अंदर, घर हाये का बारातीचा मंडप!" असं ती रोज म्हणायची आणि रोज चौघांना चहाही द्यायची.

मी पाचवीत असताना काका काविळीने गेले. आठवड्याभरात माणूस पिवळा पडून संपला. तुम्ही त्यांच्या बसण्याचा स्टूल स्वयंपाकघरातून हलवू दिला नाही आणि बँड मोडला. मग दोन वर्षांनी तुम्ही एकाएकी नवी कॅसेट काढली. त्यात फक्त दोन गिटारी होत्या, आणि लीड थेट काकांचा हात. अख्खी कॉलनी म्हणाली, काकांच्या जुन्या टेपा लावून ह्यानं वरून आपली गिटार जोडली. काकू आपल्या दारात आली, आत काही आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "मेलेल्या माणसाचा हात विकून राहिले तुम्ही!" तुम्ही खाली बघत एवढंच म्हणालात, "हात त्याचाच हाये, वहिनी." झालं. तिने तो कबुलीजबाब समजला, लोकांनीही समजला, आणि खरं सांगते बाबा, मीही समजले. काकू कामठीला माहेरी निघून गेली. तुम्ही गिटार भिंतीला टांगली ती टांगलीच. मी तुमच्यावर जीव टाकला, पण मनात कुठेतरी तुम्हाला चोर समजतच मोठी झाले.

म्हणून त्या मुलीला मी तेच सांगितलं, की जुनी टेप लावून वर वाजवलंय. तिने मला स्टुडिओत नेऊन हेडफोन दिला. म्हणाली, "ताई, मग हे ऐका." माझा आवाज गेला, तुमची 'श्श' गेली, आणि मागचं घुमणं किंचित उतरलं. "लोड आला," तुम्ही म्हणालात. तुमच्या गिटारची तार टुंग टुंग करत सैल झाली. मग तुम्ही थांबलात, कोणाची तरी वाट पाहिल्यासारखे. आणि ओट्याच्या बाजूने दुसऱ्या गिटारची तार हळूहळू खाली आली, एकदा जास्तच उतरली, पुन्हा जराशी चढली आणि तुमच्या तारेला येऊन मिळाली. तुम्ही हसलात. "हां, आता बराबर," असं म्हणालात.

"जुनी टेप आपली तार सैल करत नाही ताई," ती मुलगी म्हणाली. तिच्या हातावर काटा आला होता. मी तर हेडफोनच काढून ठेवला.

कारण मला तो दिवस आठवतो. हातात निकालाचा कागद आहे, मी पडदा बाजूला करते. तुम्ही पाटावर बसला आहात, मांडीवर गिटार, खाली टेपरेकॉर्डर. समोर ओट्यालगतचा काकांचा स्टूल रिकामा आहे. दाराशी आईने ठेवलेले चहाचे दोन कप, एकालाही तुम्ही हात लावलेला नाही. तुम्ही मला 'श्श' करता आणि मी रडवेली होऊन मागे फिरते, कारण त्याआधी तुम्ही मला कधी गप्प केलं नव्हतं. त्या खोलीत मला एकच गिटार ऐकू आली होती बाबा. लेकीची शप्पथ, एकच.

पुढच्याच दिवशी मी कामठीचा ऑटो धरला. तुम्ही चोर नव्हतात हे काकूला सांगायचंच, असं ठरवून गेले. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, पण कान शाबूत. मी मोबाइलवर आधी फक्त चाल लावून दिली, बोलणं आणि ते तार जुळवणं वगळून. ती डोळे मिटून ऐकत होती आणि बोटं पदराच्या काठावर चालत होती. "हात त्यायचाच हाये," ती म्हणाली. "कवाचं हाये वं हे?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती आपल्याच नादात बोलली, "ते गेल्यावर वरीसभर मी त्यायच्या खाटेकडं तोंड करून झोपली. सपनात बी नाई आले."

मग कसं सांगू? की आले होते काकू, पण तुझ्याकडे नाही, आमच्या स्वयंपाकघरात?

"जुनंच हाये काकू," मी म्हणाले. "काका जिते होते तवाचं. बाबानं मागून आपली गिटार जोडली."

"म्हणलं नव्हतं मी?" तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "चोर होता तुहा बाप!" आणि मला जबरदस्तीने भाकर-झुणका खाऊ घातला. मी प्रत्येक घास पाण्याबरोबर गिळला. स्टुडिओतल्या मुलीलाही तसंच छापायला सांगितलं: लीड काकांची, तुमची गिटार नंतर जोडलेली. ती नको नको म्हणत होती. खाली सही माझी आहे. तुमची अब्रू तुमच्या पोरीनेच घालवली, आणि तीही माफी न मागता, कारण रागही येतो तुमचा. एकदा तरी मला सांगायचं होतंत ना! काहून नाई सांगितलं?

हे पत्र मी कुठेच ठेवणार नाही. काकूच्या कानावर गेलं तर सगळंच मुसळ केरात. फक्त एक कबूल करते. 'मग माझ्याकडे का नाही आले?' हा जो प्रश्न तिला पडू नये म्हणून मी खोटं बोलले, तो आता मला पडला आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. दुपारी घरी कोणी नसलं की मी तुमची गिटार खुर्चीला टेकवते, मोबाइल रेकॉर्डिंगला लावते आणि दार ओढून बाहेर जाऊन बसते. अकरा वेळा केलं असं. ऐकलं मात्र अजून एकदाही नाही.