पेवातला धुळाप्पा

मी, बब्रुवान रामलिंग मुळजे, वय एक्क्याऐंशी, धंदा शेती, राहणार माकणी, तालुका लोहारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मला स्वतःला मात्र गेल्या महिन्यापासून त्याची खात्री वाटत नाही.

एक. माझी सहा एकर जमीन मुलगा कृष्णराज आणि मुलगी दीपमाला यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. कृष्णराजने तोंड वाकडे करू नये. आईच्या आजारपणात कोण धावले, ते गावाने पाहिले आहे.

दोन. राहते घर कृष्णराजला. पण परसात त्याने वीटही रचू नये. नव्या खोल्यांचा पाया खणताना जेसीबीने तिथले पेव, म्हणजे ज्वारी साठवायचे जमिनीतले जुने कोठार, फोडले. आत माणसाचा सांगाडा निघाला. हातात चांदीचे कडे होते. त्याचा जोड धुळाप्पा दुधभात्याच्या घरी आजही आहे.

धुळाप्पा माझ्या वडिलांचा जोडीदार. निजामाविरुद्धच्या लढ्यात दोघे सरहद्दीवरच्या कॅम्पातून निरोप आणत. अठ्ठेचाळीस साली रझाकार गावात तीन दिवस ठाण मांडून बसले, तेव्हा तो नाहीसा झाला. वडील, आमचे आप्पा, सांगत, "धुळाप्पा फितूर झाला, रझाकारांना जाऊन मिळाला." आम्ही ते खरे धरले.

पेव उघडले की आधी पेटता कंदील आत सोडायचा, विझला तर उतरायचे नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बंद पेवात ज्वारीच हवा खाऊन टाकते, माणसाला श्वासापुरतीही उरत नाही. आणि वडिलांनी जिवंत माणूस आत लपवून वर दगड ठेवला! रझाकार जाईपर्यंत तो उचलला नाही, मग मातीने लिंपून टाकला. डोळ्यांनी कोणी पाहिले नाही. पण घर आमचे, दगड आमचा, दुसरे कोण लिंपणार? आप्पा, तुम्ही घाबरला असाल, ते मला कळते. पण मेलेल्या माणसाला फितूर का म्हणालात?

तीन. वडिलांचे स्वातंत्र्यसैनिकाचे सन्मानपत्र सरकारला परत करावे. सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनी, पंचायतीपुढच्या झेंड्याची दोरी आमच्या घराण्याच्या हाती देतात. ती यापुढे दुधभात्यांच्या हाती द्यावी, अशी गावाला हात जोडून विनंती. पेवाचा कंदील नात आरोहीला.

चार. धुळाप्पाचा मुलगा सिद्धेश्वर बापाच्या मागे जन्मला. शाळेत त्याला "फितुराचा" म्हणणारा पहिला मीच. पुढे तो सहीत बापाचे नाव गाळू लागला. आजवर नुसते 'सिद्धेश्वर दुधभाते'. त्याला विहिरीजवळचा एकर द्यायचा आणि साक्षीदारही त्यालाच करायचे, असे मी ठरवले होते. वकील म्हणाले, ज्याला मिळकत मिळते त्याला साक्ष घालता येत नाही, एक काहीतरी निवडा.

सिद्धेश्वर म्हणाला, "जमीन न्हाय पायजे, दादा. म्या सही करतो."

"येडा हाईस का? एकर हाय, पाण्याखालचा!"

"असू द्या. कागदावर बापाचं नाव लिवायचंय."

म्हणून हे कलम रिकामेच राहिले.

वरील मजकूर वाचून पाहिला. खरा आहे. खोटा असता तर बरे झाले असते.

माकणी, ९ सप्टेंबर २०२५
सही: बब्रुवान रामलिंग मुळजे

साक्षीदार:
१. ईरण्णा बसवंत कोरे, निवृत्त शिक्षक, उमरगा
२. सिद्धेश्वर धुळाप्पा दुधभाते, माकणी