बाजूचं दार

प्रिय अहो,

एकतीस वर्षं तुम्हाला नावानं हाक मारली नाही, आता पत्राच्या डोक्यावर तरी कशी मारू? तुमच्या दगडावर मात्र आख्खं नाव कोरलंय. दर रविवारी ते वाचते आणि मनात येतं, हे कोण बाई गृहस्थ?

आजच का लिहितेय ते सांगते. उद्या देवळात सुगीचा सण आहे. तुम्ही गेल्यानंतरचा पहिला. आणि उद्या दारात मी उभी राहणार आहे, तुमच्या जागेवर. स्मिताचे पुण्याहून सकाळपासून तीन फोन झाले. "आई, बाबा तिथंच गेले ना? दुसऱ्या कुणाला उभं कर आणि तू इकडं निघून ये." मी म्हटलं, पोरी, भाजी करपतेय, ठेव फोन. भाजीबिजी काही नव्हती. पण लेकीशी बोलताना माझा आवाज खाली येतो, आणि उद्यासाठी मला तो वर पाहिजे.

म्हणून तुमच्याशी बोलतेय. भांडायचंही आहे थोडं.

आपलं चर्च केवढंसं! तुम्ही जन्मभर त्याला देऊळच म्हणालात, म्हणून मीही. वर पत्रा, खाली सतरंज्या, एक हार्मोनियम, पन्नास-साठ माणसं. सहा दिवस कागलच्या एमआयडीसीत लेथवर उभं राहायचं आणि सातव्या दिवशी देवळाच्या दारात, हे तुमचं आयुष्य. "सलाम पावणं, या की!" मंडळीतला माणूस येवो नाहीतर मीटर बघायला आलेला, सगळ्यांना तेच. एकदा शेजारच्या मंगल कार्यालयाचा पत्ता शोधणारी वरातीतली सहा माणसं आत आणून बसवलीत, आठवतं? नवऱ्या मुलाचा मामा अर्ध्या उपासनेपर्यंत भटजींची वाट बघत बसला होता! मी तोंडात पदर कोंबून हसत होते आणि पाळकसाहेब माझ्याकडं डोळे वटारून बघत होते.

त्या रविवारीही तुम्ही तेच म्हणालात. मी आतून ऐकलं. "सलाम पावणं, या की, बसा, च्या हुईलच आता." मग तुमचा आवाज तुटला. पंधरा-वीस जण होते, तोंडाला रुमाल, हातात गज आणि काठ्या. तुम्ही दार बाहेरून ओढून घेतलंत आणि ओरडलात, "सुले, बाजूचं दार काढ!"

माझ्याशी बोललेलं तुमचं शेवटचं वाक्य हेच. शेवटच्या वाक्यातही मला काम सांगितलंत!

दाराच्या त्या बाजूला काय झालं ते मला नंतर समोरच्या डेअरीवाल्यानं सांगितलं. तुम्ही हात जोडून बोलत होता. कुणीतरी पहिला वार केला, तुम्ही मागं सरलात आणि उंबऱ्यापाशी आम्ही सगळ्यांनी काढून टाकलेल्या चपलांच्या ढिगात तुमचा पाय अडकला. पडलात ते उठला नाहीत. नऊ दिवस दवाखान्यात होता. मी तुमच्या कानाशी बसून बडबडत होते. एकदा तरी डोळे उघडून "गप की गं" म्हणायचं होतंत.

त्यानंतर कितीतरी दिवस मी तुमच्यावर चिडून होते. खरं सांगते. लोक सांत्वनाला यायचे, तुम्ही कसे देवमाणूस होता ते सांगायचे, आणि मी मनात म्हणायचे, देवमाणूस कसला, अडाणी! हातात गज घेतलेल्या माणसाला चहा विचारतो कुणी? दार ओढून घ्यायचंच होतं तर आतून ओढायचं. एवढी अक्कल नव्हती?

देवळासमोर पोलिसांची गाडी काही दिवस उभी होती, मग गेली. उपासनेला माणसं निम्मी झाली. कमिटीची बैठक बसली आणि ठरायला लागलं की फाटकाला कुलूप लावायचं, सभासदांना कार्ड द्यायचं, कार्ड दाखवेल त्यालाच आत घ्यायचं. मी मागं बसले होते. उठले आणि म्हणाले, "मग नवऱ्याला माझ्या पुरलंत कशाला? त्याच्या हातात कुलपाची किल्ली द्यायची होती आधीच." आता तुमच्यावर चिडलेली मी तुमचीच बाजू घेऊन भांडले, याचा अर्थ तुम्हीच लावा.

महिपती वस्ताद त्याच आठवड्यात घरी आले. तुमचे तालमीतले जोडीदार, तुम्हाला दान्या म्हणणारे, फौजेतून आल्यापासून पोरांना लाठी शिकवणारे. चहाला हात लावला नाही. म्हणाले, "वैनी, दान्या एकटा हुबा ऱ्हायला, ह्ये माझ्या डोस्क्यातनं जात न्हाय. तुमच्या माणसास्नी मी शिकवतो. न्हाय म्हणायचं न्हाय."

नाही कोण म्हणतंय! मी पाळकसाहेबांकडं गेले. त्यांना वाटलं, आता देवळात आखाडा होणार. मी म्हटलं, साहेब, आम्ही कुणाला मारणार नाही. पण मार खायला रांगेनं बसणारही नाही. शेवटी ते म्हणाले, "लाठी आत आणू नका, एवढं पाळा."

पहिल्या दिवशी बारा जण आले. पोरं कुठून कुठून लाठ्या घेऊन आलेली, छात्या काढून उभी. वस्तादांनी लाठ्या कंपाउंडच्या कोपऱ्यात ठेवायला लावल्या आणि दाराकडं बोट दाखवलं. "आधी त्या चपला उचला." दोन रविवार आम्ही दुसरं काहीच केलं नाही! भिंतीकडेला फळ्यांची मांडणी केली आणि येईल त्याची चप्पल तिच्यात ठेवली. पोरं वैतागली. वस्ताद म्हणाले, "तुमचा माणूस हितं अडकून पडला. ही वाट मोकळी झाल्याबिगर मी फुडचं शिकवणार न्हाय."

तिसऱ्या रविवारी ते देवळाच्या मधोमध उभे राहिले, चारी बाजूंना बघितलं आणि विचारलं, "दुसरं दार कुठाय?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

अहो, आता हे लिहायला हात अडतोय, पण लिहिते. बाजूच्या दारासमोर माझी पातेली होती. सणाच्या जेवणाची दोन मोठी पातेली, कढई, परातींची चळत, नाताळच्या गोठ्याची पेटी, वर जुन्या सतरंज्या. सगळं मीच रचलेलं. तुम्ही दोनदा म्हणाला होता, "सुले, दार मोकळं ठेव की." आणि मी काय म्हणाले? "मग पातेली काय तुमच्या डोक्यावर ठेवू?" तुम्ही हसलात आणि गेलात.

त्या दिवशी तुम्ही ओरडलात तेव्हा आम्ही सगळे त्या दारावर तुटून पडलो. पेटी ओढली, पातेली फेकली, कडी गंजलेली होती ती दगडानं ठोकली. तोवर पोरं रडत होती, म्हाताऱ्या माणसांना धाप लागत होती. सगळे बाहेर पडले. एकालाही ओरखडा नाही. पण ते दार उघडायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ तुम्ही बाहेर एकटे उभे होता! आत का आला नाहीत म्हणून मी तुमच्यावर चिडत होते, आणि तुम्ही माझ्या पातेल्यांपायी थांबला होता.

मी तिथंच सतरंजीवर बसले. वस्ताद माझ्याजवळ उकिडवे बसले आणि हळू म्हणाले, "वैनी, रडून घ्या. मग उठा आणि ती कडी बदलून घ्या." मी रडले. मग उठले. कडी मी स्वतः बाजारातून आणली, आणि दर शनिवारी तिला तेल मीच घालते.

पातेली आता आपल्या घरात आहेत, बाहेरच्या खोलीत, तुमच्या फोटोखाली. येताजाता माझा अंगठा आपटतो. आपटू दे.

मग खरं शिक्षण सुरू झालं. कुणी कुणाचा हात धरून बाहेर काढायचं, पोरांना कोण नेणार, फोन कोण करणार, रक्त वाहत असेल तर कापड कसं दाबून धरायचं. मी अंगणवाडीत जन्म काढला, माणसं रांगेनं बाहेर काढणं मला नवीन नाही. पण मोठ्या माणसांपेक्षा पोरं शहाणी हो! सोनाबाई आजी दरवेळी अर्ध्या वाटेवरून परत फिरायच्या. "माझी नवी चप्पल हाय, मी न्हाय अनवाणी पळायची!" वस्ताद म्हणाले, "आजी, चपलेला कोण मारत न्हाय, ती हितंच ऱ्हाईल." शेवटी आजींची चप्पल बाजूच्या दाराबाहेर ठेवायचं ठरलं. आता त्याच सगळ्यांत आधी पोचतात.

दारावर कुणी उभं राहायचं यावर मी म्हटलं, उभं राहायचं ते तोंड बंद ठेवून. आल्यागेल्याला पावणं-पावणं करायचं नाही. त्या पावण्यांनीच माझं घर उजाड केलं. वस्तादांनी मान हलवली. "न्हाय वैनी. दान्याचं त्येच बरुबर हुतं. आल्या माणसाशी बोलायचं, डोळ्यात बघायचं, हात कुठं हायत ते बघायचं. बोललं की समोरचा थांबतो, आणि आतल्या माणसास्नी टाइम मिळतो. त्यो बोलला ह्ये चुकलं न्हाय. एकटा हुता, ह्ये चुकलं."

इतके दिवस मी ज्याला तुमचा अडाणीपणा म्हणत होते, तो आमच्या ह्या शिक्षणाच्या वहीत पहिला धडा म्हणून लिहिलाय. खाली दुसरा: दारात एकट्यानं उभं राहायचं नाही. तुमची चूक आणि तुमचं शहाणपण असं एकाखाली एक.

गेल्या रविवारी परीक्षा झाली. दारात मी आणि रेश्मा. रेश्मा म्हणजे सोनाबाईंची नात, तुमच्याच एमआयडीसीत माल तपासायला असते. नजर अशी, की डाळीतला खडा न बघता सांगेल. दोन मोटारसायकली फाटकाशी थांबल्या. चौघं उतरले. एकाच्या हातात पोतं गुंडाळलेलं काहीतरी लांब.

खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला स्मिता आठवली, पुणं आठवलं, करपलेली भाजी आठवली. मग मी एक पाऊल पुढं झाले आणि म्हणाले, "सलाम पावणं, या की!"

पुढचा जरा गडबडला. "कुणाला बाटवताय गं हितं?"

"कुणाला न्हाय. सोयाबीन निघालं का तुमच्याकडचं? गाव कंचं?" मी विचारत राहिले. रेश्मानं हातातलं गीतांचं पुस्तक डोक्यावर धरलं. ती खूण. आत गाणं थांबलं नाही, मागच्या रांगा तेवढ्या मोठ्यानं गात राहिल्या, आणि पुढच्या रांगा बाजूच्या दारानं बाहेर. माझी पाठ त्यांच्याकडं होती, पण मला सगळं ऐकू येत होतं. कडी सरकल्याचा आवाज आला. अहो, एका झटक्यात सरकली!

मग रेश्मानं शिट्टी मारली, डेअरीवाल्याशी ठरली होती तशी. समोरच्या डेअरीच्या रांगेतली माणसं किटल्या घेऊन तशीच रस्त्यावर आली. आमच्या शेजारी येऊन उभी राहिली. चौघांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. एकानं दगड मारला, तो माझ्या खांद्याला लागला. अजून काळानिळा आहे, स्मिताला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. गाडीवर बसताना एक ओरडला, "परत येतो, बघ!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "या की! आम्ही हितंच हाय!"

रेश्मा म्हणाली, "काकू, तुम्ही आता अगदी काकांसारखं बोललासा." मी तिला दटावलं. मग पातेल्यांशेजारी बसून घरी पोटभर रडले.

बुधवारी कमिटीनं पुन्हा विषय काढला: यंदा सण रद्द करूया. मी म्हटलं, रद्द करा. मी दारात उभी राहते आणि येईल त्याला जेवायला घालते, तुम्ही घरी बसा. मग काय, सगळेच यायला तयार! यंदा भाताच्या लोंब्या, ऊस, भोपळे, सगळं वेदीपुढं मांडायचं, आणि जेवण झाडाखाली शिजणार. देवळात भांडं आणायचं नाही, असा माझा हुकूम आहे.

उद्या माझ्या शेजारी वस्ताद उभे राहणार आहेत. मी म्हटलं, तुम्ही कशाला, तुमचं देऊळ वेगळं. तर केवढ्यांदा ओरडले! "दान्याची जागा हाय, माझी न्हाय व्हय?" फेटा बांधून येणार आहेत. आता दारात फेटेवाला बघून पुन्हा एखादं वऱ्हाड आत शिरलं, तर त्यांनाही जेवूनच पाठवीन.

तुम्हाला एक वचन देते. त्या दिवशी आमच्यासाठी तुम्ही मोठं दार ओढून घेतलंत. मी जिवंत आहे तोवर ते पुन्हा बंद होणार नाही, आणि त्यात एकटं माणूस कधी उभं राहणार नाही. आणि बाजूचं दार... उद्या पहाटे सगळ्यांत आधी जाऊन मी ते उघडणार आहे. काढलं हो, तुम्ही सांगितलं होतं ते. उशीर झाला, पण काढलं.

तुमचीच,
सुली