विशेषणात गाव पहिले

३ फेब्रुवारी २०२५
आजपासून रोजनिशी. इंग्रजीतच लिहिणार होतो, पण पेन मराठी निघाला.
इंझोरीचं स्थळ आलंय. मुलगी वर्षाराणी, इंग्रजीत एमए. आई म्हणते, लखन, हे तरी हातचं घालवू नोको, चाळिशी आली. मी अडतीसचा आहे, म्हणजे तरुणच. आणि मुली मला नाकारत नाहीत, माझी लेव्हल पाहून मागं सरतात. मंगरूळपीरात माझ्या स्पोकन इंग्लिश क्लासला तोड नाही.
संकल्प: रोज एक तास ग्रामर.

४ फेब्रुवारी
लाईन गेली होती, घरात अंधार. ग्रामर उद्यापासून.

५ फेब्रुवारी
क्लासात विशेषणांचा क्रम शिकवला. पुस्तक म्हणतं, आधी मत, मग माप, वय, आकार, रंग, आणि शेवटी गाव. साफ चूक! आपल्याकडे माणूस भेटला की पहिले विचारतात, कोन्या गावचे? गाव कळल्याशिवाय मत बनतं का? म्हणून माझा नियम: गाव पहिले, मत शेवटी. 'इंझोरी ब्लॅक ओल्ड बिग नाइस बफेलो.' कानाला किती गोड!
राखी नावाच्या पोरीनं पुस्तक उघडून दाखवलं. तिला म्हटलं, दहावीत दोनदा आपटलीस, तू छापलेल्यावरच विश्वास ठेवणार. सगळा वर्ग हसला, ती रडली. विद्या अशीच येते.

७ फेब्रुवारी
राखी नाही. तिच्या मैत्रिणीही नाहीत. व्हायरल चालू आहे गावात.

८ फेब्रुवारी
उद्या मुलगी पाहायला जायचं. नाव, स्वयंपाक असले अडाणी प्रश्न विचारणार नाही. विशेषणांची तोंडी परीक्षा घेणार. पास झाली तर होकार. नापास झाली तरी होकार, पण उपकार केल्यासारखा.

९ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ
मोहीम फत्ते.
पोहे झाल्यावर मीच वाक्य दिलं, 'यू आर ए इंझोरी डार्क शॉर्ट नाइस गर्ल.' सगळे एकमेकांकडं पाहायला लागले. इम्प्रेस झाले सगळे. वर्षाराणी म्हणाली, सर, क्रम उलटा आहे, मत आधी येतं न् गाव नंतर. शिवाय 'ए' नाही, 'अ‍ॅन'. मी मोठ्या मनानं हसलो. पहिल्याच दिवशी सगळं कसं समजेल तिला?
तिचे वडील जगदेवकाका म्हणाले, आमच्या पोरीचा रंग आमाले मालूम हाय, तुमी सांगाची गरज नाई. विनोदी माणूस. चहा मात्र राहिलाच. आनंदात विसरले असतील.

११ फेब्रुवारी
फोन नाही. इंझोरीत रेंजच नसते. मी मांडववाल्याशी बोलून ठेवलं.

१३ फेब्रुवारी
रेंज अजून नाही. आईनं मुलीसाठी हिरवी साडी घेतली. जेवत नाही धड, म्हणते, सून घरात आली की पोटभर जेवीन.

१४ फेब्रुवारी, सकाळ
मेसेज आला, वर्षाराणीचा! तोही इंग्रजीत!
'आय विल नॉट मॅरी अ रूड शॉर्ट ओल्ड राउंड डार्क मंगरूळपीर टीचर.'
क्रम तपासला. रूड, मत. शॉर्ट, माप. ओल्ड, वय. राउंड, आकार. डार्क, रंग. मग गाव. पुस्तक उघडून पुन्हा तपासला. एकही चूक नाही.
आईनं विचारलं, काय लिवलं पोरीनं? तोंडातून निघून गेलं, माझं वर्णन केलंय. आई रडायलाच लागली आनंदानं. म्हणाली, म्या म्हनलंच होतं, माह्या पोराची कदर करणारी भेटन. मी पुढं काही सांगायच्या आत मोबाइल घेऊन शेजारच्या सुंदरबाईच्या ओट्यावर गेली. तिथं बाया जमल्यात. सुनेनं इंग्रजीत तारीफ धाडली म्हणून सांगून राह्यली.
आता मला हाका मारते आहे. म्हणते, ये ना लखन, मराठीत सांग साऱ्याइले, एक एक शब्द.