दावणीची पारडी

मंगळवार संध्याकाळ, जोगेश्वरी

दुपारी दादाला कुठल्याशा परदेशी कंपनीचा फोन आला. जगभरच्या दूधवाल्यांना विचारतायत म्हणे, धंद्याच्या पुढच्या काळाबद्दल भरवसा किती? दादाने सांगून टाकलं, "काही नाही. माझ्यानंतर हा तबेला बंद." मी शेजारीच कॅन विसळत होते. वाईट वाटलं का मला? फारसं नाही. चारी बाजूंनी टॉवर आलेत, आपण किती टिकणार?

पण ती पारडी डोक्यातून जात नाहीये. म्हैस आटली की गावी पाठवायची, तिचं पिल्लूही सोबत. इथे फक्त दुभती जनावरं, हा बाबांपासूनचा नियम. आज गाडी आली, आटलेली म्हैस चढली आणि तिची पारडी मात्र दावणीलाच. गळ्यात नवा लाल दोर.

"दादा, ही दूध द्यायला तीन-चार वर्षं लागतील. तोवर फुकट खाणार ना?"

"गाडीत जागा नव्हती गं," म्हणाला आणि तिची मान खाजवत राहिला.

गाडी अर्धी रिकामी गेली. मागचं फाटक मीच लावलं. आणि तो लाल दोर तर त्याने कालच आणलाय.